टॉवर पूर्ण आला पाहिजे

“ताई, बाकी सगळं तुमच्यावर सोडलं. फक्त टॉवर पूर्ण आला पाहिजे.”

मराठी घरातून बुकिंग आलं की हे वाक्य येतंच. कधी व्हॉट्सअॅपवर, कधी फोनवर, आणि हमखास शेवटी, निरोप घेता घेता, जणू आत्ताच सुचलंय. मी मूळची मिरजेची. पॅरिसला शिकायला आले, राहिले, आणि गेली अकरा वर्षं सुट्टीवर आलेल्या माणसांचे आयफेल टॉवरसमोर फोटो काढते आहे. आईला अजूनही हे काम पटलेलं नाही. “टॉवर तिथेच, माणसं रोज नवी, मग तुला कंटाळा कसा येत नाही?” असं ती विचारते. खरं तर टॉवरही रोज नवाच असतो, पण ते तिला फोनवर समजावता येत नाही.

तर टॉवर पूर्ण. त्याच्या जोडीला दुसरी मागणी असते: चेहरे मोठे आणि स्पष्ट. या दोन मागण्यांचं आपसात अजिबात पटत नाही. टॉवर 330 मीटर उंच, माणूस पावणेदोन मीटर. टॉवरच्या पायाशी उभं राहिलं तर फोटोत त्याचा एक पाय येतो, आणि तो कुठल्या तरी रेल्वे पुलाचा आहे असं सांगितलं तरी कोणी शंका घेणार नाही. मग लोक फोनची रुंद लेन्स लावतात. टॉवर मावतो, पण उदबत्तीच्या काडीसारखा. आणि रांगेत टोकाला उभ्या असलेल्या काकांचं डोकं दुधी भोपळ्यासारखं लांबतं. काका तो फोटो कोणाला दाखवत नाहीत.

यावर उपाय एकच, लांब जायचं. नदीच्या पलीकडे, उंचवट्यावर, 1937 च्या प्रदर्शनासाठी बांधलेला शायो राजवाडा आहे. त्याच्या दोन पंखांमधला जो मोकळा चौथरा, तो त्रोकादेरो. तिथून टॉवर अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब पडतो, आणि चौथरा उंचावर असल्यामुळे मान वर न करता सगळा दिसतो. 50 मिलिमीटरची लेन्स लावायची, कॅमेरा उभा धरायचा, माणसं तीन-साडेतीन पावलांवर उभी करायची: गुडघ्यापासून वर माणसं आणि त्यांच्या मागे शेंड्यापासून पायापर्यंत टॉवर. नवरा-बायको असतील तर काम झालं. पण पाच माणसांचं कुटुंब उभ्या चौकटीत मावत नाही. कॅमेरा आडवा करावा तर शेंडा कापला जातो. मग 35 ची लेन्स लावायची, की टॉवर पुन्हा लहान. त्यात मुलगा सहा फुटी निघाला तर बरोबर त्याच्याच डोक्यातून टॉवर उगवतो. माझं निम्मं काम म्हणजे माणसांना अर्धं पाऊल डावीकडे सरकवणं.

पण बुकिंग करताना लोक जागा विचारतात, वेळ नंतर ठरवू म्हणतात. मी उलटं सांगते. जागा आपण ऐनवेळी बदलू, वेळ आधी ठरवा. आपल्याकडच्या शाळांना सुट्टी मे महिन्यात. तेव्हा इथे सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि महिनाअखेरीस रात्री पावणेदहाला मावळतो. टूरवाले बसने साडेदहा-अकराला त्रोकादेरोला सोडतात, अर्धा तास देतात. ऊन डोक्यावर, डोळ्यांच्या खोबणीत सावल्या, आणि चौथऱ्यावर गर्दी इतकी की कोणाच्या ना कोणाच्या सेल्फी काठीने आपला फोटो अडतो. मी म्हणते, पहाटे सहाला या. पलीकडे शांतता. मग हळूच प्रश्न येतो, “हॉटेलचा ब्रेकफास्ट सातला असतो ना ताई?”

जे येतात त्यांना मात्र वेगळंच पॅरिस दिसतं. चौथऱ्यावर तेव्हा आम्ही फोटोग्राफर, दोन-तीन नवऱ्या आणि झाडूवाले. नवऱ्या चीन-कोरियाच्या, लाल झग्यातल्या, झग्याचा घोळ धरायला एक मदतनीस. आम्ही सगळे एकमेकांना चेहऱ्याने ओळखतो. नावं विचारलेली नाहीत, पण पायऱ्यांशेजारच्या कठड्याला कोणाचा नंबर कितवा हे बरोबर ठाऊक असतं. दहा मिनिटं झाली की उठायचं, हा अलिखित कायदा.

आणि उजेड. त्रोकादेरोवरून टॉवर आग्नेयेला दिसतो. जूनमध्ये सूर्य ईशान्येला, म्हणजे टॉवरच्या बराच डावीकडे उगवतो. चेहऱ्यावर कडेने मऊ उजेड येतो, फारसं काही करावं लागत नाही. जसजसं वर्ष उताराला लागतं तसतसा तो उजवीकडे सरकत येतो. दिवाळीच्या सुट्टीत टॉवरच्या खांद्याजवळ असतो, डिसेंबरअखेर जवळजवळ पाठीमागेच. तेव्हा टॉवर काळी आकृती होतो आणि माणसांच्या केसांना सोनेरी कड येते. मला विचाराल तर दिवाळीत या. 20 ऑक्टोबरच्या सुमाराला सूर्य साडेआठला पाच-दहा मिनिटं कमी असतानाच वर येतो. ब्रेकफास्टही होतो आणि पहाटही मिळते. संध्याकाळीच हवं असेल आणि जून असेल, तर पलीकडे, शां द मार्सच्या हिरवळीवर जायचं. तिथून टॉवर वायव्येला, आणि जूनचा सूर्यही तिकडेच बुडतो. एरवी वर्षभर ही गंमत मिळत नाही.

2024 च्या उन्हाळ्यात मात्र माझी दोन्ही ठिकाणं गेली. ऑलिंपिकसाठी त्रोकादेरोवर मंडप, शां द मार्सवर वाळूतल्या व्हॉलीबॉलचं स्टेडियम. त्या हंगामात मी काढलेले बहुतेक फोटो अव्हेन्यू द कामोएन्सवरचे आहेत. ही जवळचीच एक छोटी गल्ली. टोकाला दगडी कठडा, दोन्ही बाजूंना इमारती, मधोमध टॉवर. आता ती इतकी प्रसिद्ध झाली आहे की तिथेही रांग लागते. बीर-आकेमच्या पुलावरही मी लोकांना नेते. वरून मेट्रो जाते, खाली लोखंडी खांबांची ओळ. तिथे मात्र एक सूचना आधीच देते: तीन डब्यांचा खेळ मांडून बसलेली टोळी दिसली तर थांबायचं नाही, नुसतं बघायलाही नाही. जिंकणारा माणूस त्यांचाच असतो.

बॅगांचं बोलायलाच हवं. आपली माणसं पाच जणांच्या सात बॅगा घेऊन येतात, फोटोसाठी त्या एका जागी रचून ठेवतात आणि टॉवरकडे तोंड करून हसतात. पाकीटमारांना याहून काय हवं? मी सगळ्या बॅगा माझ्या दोन पायांच्या मध्ये घेते. कोणी आजोबा राखणीला बसतो म्हणाले तर त्यांना सांगते, तुम्ही फोटोत या. बॅगा राखण्यासाठी तुम्ही सात हजार किलोमीटर आलेला नाही.

गेल्या वर्षी अकोल्याचं एक कुटुंब आलं. आजी-आजोबा, मुलगा, सून, आठ वर्षांची नात. आजी नऊवारीत. तिच्या खाली पांढरे स्पोर्ट्स शूज, कारण सुनेने बजावलं होतं. आम्ही सव्वासहाला भेटलो. भेटायचं कुठे याबाबत मी फार काटेकोर आहे, कारण पहिल्या वर्षी मी एका कुटुंबाला नुसतं “त्रोकादेरोला या” सांगितलं होतं. ते मेट्रोच्या एका दाराशी, मी दुसऱ्या, आणि त्यांच्या तासातली पस्तीस मिनिटं गेली. चूक माझी, भरपाईही मीच दिली. आता चौथऱ्याच्या कडेला जे सोनेरी पुतळे आहेत, त्यातल्या नेमक्या कोणत्या पुतळ्याखाली उभं राहायचं त्याचा फोटो मी आदल्या रात्री पाठवते.

वारा होता. नदीवरून चढणारा वारा या चौथऱ्यावर नेहमीच असतो आणि साडी नेसलेल्या बाईची तो परीक्षा बघतो. पाचवारीचा पदर उडून नेमका टॉवरवर येतो, म्हणून मी पिनांची डबी खिशात ठेवते. आजींना मात्र काही करावं लागलं नाही. त्यांनी पदर एका झटक्यात कमरेला खोचला आणि म्हणाल्या, “हं, कुठं उभं राहू?” आजोबा सावधानमध्ये उभे. आपल्याकडच्या पुरुषांना कॅमेरा दिसला की शाळेतला वर्गाचा फोटो आठवतो. हात मागे, हनुवटी वर, श्वास बंद. त्यांना हात मोकळे सोडा म्हटलं की हात कुठे ठेवायचे हा नवा प्रश्न उभा राहतो. मी काहीतरी हातात देते: चष्मा, टोपी, नात. नात सगळ्यात चांगली.

सून आणि मुलगा यांचा वेगळा फोटो घ्यायचा होता. सासूबाई तीन पावलांवर उभ्या असताना कुठलं जोडपं जवळ येतं? दोघांच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी फट होती. मी आजी-आजोबांना आणि नातीला पायऱ्या उतरून खालच्या बागेत कारंजी बघायला धाडलं. फट मिटली. हा फोटो काढायची कला म्हणा किंवा कारस्थान म्हणा, कुठल्याही फोटोग्राफीच्या पुस्तकात शिकवत नाहीत.

आजोबांना रात्रीचाही फोटो हवा होता, दिव्यांचा. 1967 साली शम्मी कपूरचा ‘अॅन इव्हिनिंग इन पॅरिस’ त्यांनी थिएटरात बघितलेला, त्यामुळे संध्याकाळ हा त्यांचा हक्कच. पण मे महिन्यातली इथली रात्र महाग पडते. अंधार पडता पडता टॉवर सोनेरी होतो, आणि मग दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं 20,000 दिवे लुकलुकतात. मेअखेर ही लुकलुक नीट काळोखात बघायची तर अकराची धरावी लागते. 2022 च्या सप्टेंबरात वीज वाचवण्यासाठी पावणेबाराला टॉवरचे दिवे मालवायला सुरुवात झाली. त्यामुळे फार उशीर करूनही चालत नाही. त्यात ते दिवे क्षणभर चमकून विझणारे, शटर वेगात मारलं तर फोटोत मोजून थोडे येतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, “निम्मे बंद होते का हो?” शटर अर्धा सेकंद उघडं ठेवलं की टॉवर भरून चमकतो, पण तेवढा वेळ माणसांनी हलायचं नाही. आठ वर्षांची मुलगी रात्री अकराला अर्धा सेकंद स्तब्ध राहत नाही. एक तर ती झोपलेली असते, नाहीतर नाचत असते.

या रात्रीच्या फोटोवरून दरवेळी एक चर्चा होते, कारण कोणीतरी कुठेतरी वाचलेलं असतं की तो काढणं गुन्हा आहे. तसं नाही. गुस्ताव्ह आयफेल 1923 साली गेले, त्यांच्या पश्चात 70 वर्षं उलटली, तेव्हा टॉवरच्या आकारावर आता कोणाचा हक्क नाही. मात्र आजची सोनेरी रोषणाई पिएर बिदो यांनी केली. ती 31 डिसेंबर 1985 ला पहिल्यांदा लागली. ही रोषणाई कलाकृती धरली जाते. तुम्ही फोटो काढा, दिवाणखान्यात लावा, नातेवाइकांना पाठवा, कोणी विचारत नाही. धंद्यासाठी वापरायचा तर टॉवर चालवणाऱ्या कंपनीची परवानगी लागते. म्हणून माझ्या जाहिरातीत तुम्हाला एकही रात्रीचा टॉवर दिसणार नाही. आणि ड्रोन विचारू नका. पॅरिसवर ड्रोन उडवायला बंदी आहे, तुमच्या भाच्याने कितीही छोटा आणलेला असला तरी.

फसवणुकीचं एक सांगते, कारण दर हंगामात माझ्याकडे कोणी ना कोणी रडवेलं होऊन येतं. एका जोडप्याने इंटरनेटवर सुरेख फोटो बघून, स्वस्तात, पूर्ण पैसे आगाऊ भरले. पहाटे तिथे कोणी आलंच नाही. ते फोटो आमच्याच कठड्यावरच्या एका पोलिश फोटोग्राफरचे होते, मी बघताक्षणी ओळखले. तेव्हा बुकिंग करताना निवडक दहा फोटो बघून भुलू नका. दहा चांगले फोटो दहा वर्षांत कोणाकडेही साठतात. एकाच कुटुंबाचा एकाच सकाळचा सबंध अल्बम मागा. चाळीस फोटोंमध्ये माणसाचा हात कळतो. शिवाय पाऊस आला तर काय, हे लिहून घ्या. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, भुरभुरतो, आणि तुमची बस दुसऱ्या दिवशी स्वित्झर्लंडला निघालेली असते. मी निम्मे पैसे आधी घेते, पारदर्शक छत्र्या बरोबर ठेवते, आणि अगदीच गळायला लागलं तर पुलाखाली नेते. तासाचे 250 युरो लावते. रुपयांत हिशोब करू नका, मीही करत नाही. केला की आईला सांगावासा वाटतो.

अकोल्याच्या त्या कुटुंबाला मी बेचाळीस फोटो पाठवले. त्यातला एक मला फार आवडला होता. आजी कठड्यावर बसल्या आहेत, नात त्यांच्या बुटाची नाडी बांधते आहे, आजींचा हात तिच्या डोक्यावर, आणि मागे टॉवर, दुसऱ्या मजल्याच्या वर कापलेला. कापलेला, कारण पूर्ण घेतला असता तर नाडी दिसली नसती. तीन दिवसांनी आजोबांचा फोन आला. फोटो उत्तम, सगळे खूश. मोठा करून लावायला त्यांनी पाच जणांचा रांगेतला फोटो निवडला होता, 35 च्या लेन्सने काढलेला, चेहरे सुपारीएवढे. मी धीर करून नाडीच्या फोटोचं विचारलं.

“तो चांगला आहे,” आजोबा म्हणाले, “पण त्यात टॉवर कापलाय ना.”

आता येत्या मे महिन्यासाठी त्यांच्या व्याह्यांचं बुकिंग आलं आहे. नऊ माणसं. टॉवर पूर्ण हवा, आणि दिव्यांसकट हवा. मी त्यांना विचारलंय, रात्री अकरापर्यंत जागाल का आणि पाच आणि चार अशा दोन रांगा करून उभे राहाल का. उत्तर अजून यायचंय.