धुरळ्याचा कायदा

मागच्या सप्टेंबरात एका शनिवारी बे एरियातून फ्रेस्नोला चाललो होतो. हायवे ९९ ला लागलो आणि थोड्या वेळाने बदामाच्या बागांवर तपकिरी ढग दिसला. मला वाटलं आग लागली. शेजारी बसलेला मित्र म्हणाला, "आग नाही रे, बदाम काढतायत."

म्हणजे काय, तर एक मशीन झाडाचं खोड धरून गदागदा हलवतं. बदाम खाली पडतात, काही दिवस मातीतच वाळतात. मग दुसरं मशीन ते झाडून ओळी लावतं, तिसरं उचलतं. उन्हाळाभर तिथे पाऊस नाही, माती कोरडी ठक्क. धुरळा उडणारच! मी काचा वर केल्या आणि एकदम आजोबा आठवले.

आमचं गाव ज्वारीचं. मळणी यंत्र सुरू झालं की शेजारचा माणूस दिसायचा नाही, आणि ज्वारीची कूस अंगाला लागली की दोन दिवस खाज. आजोबा तोंडाला उपरणं गुंडाळून उभे. आजी कुरकुरली की म्हणायचे, "मातीनं कधी कुणी मेलंय का?" शेवटची दोन वर्षं त्यांच्या उशाशी दम्याचा पंप असायचा. मळणीच्या दिवशी मात्र तो खिशात टाकून खळ्यावर जायचे.

घरी आल्यावर वाचत बसलो (वीकेंड असाच जातो!). अमेरिकेत पीएम१०, म्हणजे केसाच्या साधारण सातव्या भागाइतके आणि त्याहून बारीक कण, यांची २४ तासांची मर्यादा १५० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. १९८७ पासून तीच. आपल्याकडे २००९ च्या मानकांनुसार ती १००. कागदावर आपण जास्त कडक!

२०११ मध्ये तिथे मोठी ओरड झाली की सरकार आता शेतातल्या धुरळ्यावरही बंदी आणणार. पर्यावरण खात्याने सांगितलं, मर्यादा बदलायचा विचार नाही. तरी डिसेंबरमध्ये प्रतिनिधीगृहाने शेतीच्या धुरळ्याला कायद्याबाहेर ठेवणारं विधेयक मंजूर केलं. सिनेटमध्ये ते अडलं. २०१२ मध्ये मर्यादा १५० वरच कायम राहिली. म्हणजे जे होणारच नव्हतं, त्याच्यावर वर्षभर भांडण. आमच्या ऑफिसातल्या मीटिंगची आठवण झाली.

गंमत म्हणजे बदामांच्या त्या खोऱ्यात, सॅन होआकिनमध्ये, नियम आधीच आला होता. २००३ मध्ये कॅलिफोर्नियाने हवेच्या परवान्यातली शेतीची सूट काढली. २००४ पासून १०० एकर आणि त्यावरच्या शेतांना धुरळा कमी करायचे उपाय एका यादीतून निवडावे लागतात. कच्च्या रस्त्यावर पाणी मारा, नांगराच्या फेऱ्या कमी करा, जमलं तर रात्री कापणी करा. कुठला उपाय घ्यायचा ते शेतकरी ठरवतो. २००८ मध्ये हे खोरं पीएम१० च्या मर्यादेत आल्याचं केंद्राने मान्य केलं. श्रेय एकट्या या नियमाचं नाही, आणि त्याहून बारीक पीएम२.५ चं दुखणं तिथे अजून आहेच. पण शेती काही बंद पडली नाही. दिवाळीला आपल्या घरी येणारे बदाम बरेचदा तिथलेच असतात.

सुरुवातीला मलाही हसू आलं होतं. शेतकऱ्याला धुरळ्याचा नियम? आधीच त्याच्यामागे काय कमी आहे! लहान शेतकऱ्यावर दंड लावायला माझा आजही विरोध आहे. पाणी प्यायला नाही तिथे रस्त्यावर कुठून मारणार? पण आपण "धुरळा म्हणजे गावचं जगणंच" म्हणून सोडून देतो, तेव्हा तो कुणाच्या छातीत जातो हे विचारत नाही. तो आधी शेतकऱ्याच्याच छातीत जातो, नंतर हायवेवरच्या माझ्या. मला निदान काच वर करता येते.

परवा काकांना फोन केला होता. यंदा मळणीला चांगले मास्क पाठवतो म्हटलं. ते हसले, "मातीला काय घाबरायचं?"

तरी मी पाठवणार आहे.