जगलेल्यांची बालपणं

गरीब पोराचं आत्मकथन छापून यायचं तर आधी ते पोर जगावं लागतं. मग शाळेत टिकावं लागतं, शहर गाठावं लागतं, आणि पस्तिशी-चाळिशीत मागं वळून बघायला थोडी फुरसत मिळावी लागते. मराठी आत्मकथनं शिकवताना मी हे पहिल्याच तासाला सांगतो. आपल्या साहित्यातलं बालपणीचं दारिद्र्य बहुतेक करून तगलेल्यांनी सांगितलेलं आहे.

'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक आपण गरिबीचं म्हणून मुलांच्या हाती देतो. मला ते पडत्या घराचं पुस्तक वाटतं. त्या घरानं खोती पाहिलेली आहे. तिथं पोटापेक्षा सावकाराच्या माणसासमोर मान खाली जाण्याचं दुःख मोठं. पुढं 'बलुतं' (१९७८), 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'उपरा' (१९८०) आली आणि भूक उघड्यावर आली. कोणाच्या दारचं शिळं, भाकरीत कोणाचा किती वाटा, सगळं पानावर आलं. 'झोंबी'त (१९८७) तर बापाला पोर मळ्यात हवं आणि पोराला शाळा, अन् पुस्तकाचा सगळा जीव त्या ओढाताणीत. पण दगडू असो, लक्ष्मण असो की आनंदा, वाचक पहिल्या पानापासून निर्धास्त असतो. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव आहे, म्हणजे पोरगं सुटलेलं आहे.

परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला गेलं की ही निर्धास्ती टिकत नाही. पर्यटकांचा चिखलदरा म्हणजे पावसाळी धुकं, देवी पॉइंट, भीमकुंड, कॉफी आणि रबडी. (रबडी खरंच चांगली असते, ते नाकारत नाही.) तोच पावसाळा आसपासच्या मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या गावांत वेगळा उतरतो. घरातली कुटकी-ज्वारी संपत आलेली, आई दिवसभर निंदणाला, नाल्यांना पूर, दवाखान्याचा रस्ता बंद. मेळघाटात लेकरं अधिक दगावतात ती याच महिन्यांत. आपल्या ललित लेखनात मात्र पाऊस म्हणजे कागदी होड्या आणि नव्या पुस्तकांचा वास. १९९३ मध्ये इथले बालमृत्यू देशभरच्या वर्तमानपत्रांत गाजले, उच्च न्यायालयात याचिका झाल्या आणि त्या वर्षानुवर्षं चालल्या.

मग या लेकरांची गोष्ट लिहिली गेली कुठं? अंगणवाडीच्या वजनाच्या वहीत. दंडाला गुंडाळायच्या पट्टीवर: घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या आत आला की पट्टी लाल दाखवते आणि लेकरू 'सॅम' ठरतं, म्हणजे अतितीव्र कुपोषित. आणि मृत्यूच्या नोंदीत, जिथं कारण म्हणून न्यूमोनिया असतो, जुलाब असतात, कमी वजन असतं, भूक नसते. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्म-मृत्यूंची गावोगाव मोजणी केली आणि सरकारी आकड्यांपेक्षा खरे बालमृत्यू कितीतरी जास्त आहेत हे २००१ साली अहवालातून दाखवलं. त्या अहवालाचं नाव 'कोवळी पानगळ'. तो मराठीच्या अभ्यासक्रमात यावा म्हणून मी एका बैठकीत भांडलो होतो. हे साहित्य नव्हे, असं उत्तर मिळालं. नसेल. पण जे जगले नाहीत त्यांचा उल्लेख ज्यात आहे असं मराठीत दुसरं काय आहे, हे कोणी सांगितलं नाही.

भाषेचीही अडचण आहेच. कोरकू ही मुंडा कुळातली, संथाळीची नातलग. मराठी-हिंदीशी तिचं रक्ताचं नातं नाही. संथाळीला २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीनं आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, कोरकूला नाही. 'बलुतं'वाल्या दया पवारांना किंवा 'झोंबी'वाल्या आनंद यादवांना पुस्तकी मराठी कितीही परकी वाटली असेल, तरी ती त्यांच्या बोलीची बहीण होती. आत्मकथनातली शाळा ही शिडी असते. कोरकू पोराला तिची पहिलीच पायरी हाताला लागत नाही.

म्हणून मी अलीकडे आत्मकथनांपेक्षा कादंबरीकडे वळतो, आणि त्यासाठी लांब जावं लागत नाही. उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) आमच्याच मुलखातली. महादेव शिंपी, त्याची बायको कौतिक, त्यांची लेकरं. वऱ्हाडी बोली तिथं चवीपुरती नाही, माणसं त्याच बोलीत विचार करतात. मोठा होऊन, शिकून-सवरून मागं बघणारा निवेदक तिथं नाही, त्यामुळं पोरांचं पुढं काय होईल याची हमी कोणीच देत नाही. कौतिकनं एक बाजू सावरावी तर दुसरी ढासळते. बिभूतिभूषणांच्या 'पथेर पांचाली'त (१९२९) अपूची बहीण दुर्गा तापानं जाते आणि पुढची गोष्ट अपूच्या वाट्याला येते. अपूनं आत्मचरित्र लिहिलं असतं तर दुर्गा त्यातलं एक प्रकरण झाली असती. कादंबरीत तिला स्वतःचं बालपण आहे: तिची हाव, तिच्या चोऱ्या, तिचं रानात भटकणं.

मेळघाटची 'धग' अजून यायची आहे. जीपमधून येणाऱ्या लेखकाच्या दयेची मला धास्ती वाटते. त्याला फुगलेलं पोट आणि मोठाले डोळे तेवढे दिसतात. तेच पोट्टं भावाची खोडी काढतं, होळीत फगवा मागायला गाडी अडवतं, आणि पैसे कमी दिले तर तोंडावर हसतं, हे त्याच्या वहीत उतरत नाही. माझ्या वर्गात आता कोरकू मुली बसतात. त्यांतल्या कोणी विचारलंच, तर गोष्ट कुठून उचलायची ते मी सांगेन. दिवाळीनंतर आईबाप मजुरीसाठी खाली अकोट-अंजनगावच्या बाजूला उतरतात. कडेवरचं लेकरू बरोबर जातं आणि अंगणवाडीच्या वहीत त्याच्या नावापुढं 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. होळीला सगळे गावी परततात, लेकराला पुन्हा काट्यावर ठेवतात. मधल्या महिन्यांचे रकाने कोरे असतात. कादंबरी त्या रकान्यांपासून सुरू करावी.