खांडीत आडवा पडलेला जिताडा

आमचे बाबा पेणच्या खारेपाटातले. त्यांची एक लोणकढी थाप दर पावसाळ्यात नव्याने ताजी होते. उधाणाच्या रात्री बांधाला खांड गेली, खारं पाणी भातात शिरू लागलं, माती टाकावी तर वाहून जाई. एवढ्यात खाडीतून एक जिताडा मासा आला आणि खांडीत आडवा पडला. पाणी बंद! सकाळपर्यंत गाव त्याच्या पाठीवरून ये-जा करत होतं. एकाने तर सायकल नेली.

या गोष्टीचं मी चित्रपुस्तक केलं. जाड कागद, दोऱ्याची शिवण. माशाला बशीएवढे डोळे काढले, बत्तिशी दाखवत हसायला लावलं. मग पेणहून गाडी पकडली आणि कासू, नागोठणे, निडी करत आपल्याच चित्रांवर खूश होत रोह्याला पोचलो. ताईच्या पडवीत भाची आणि तिच्या मैत्रिणी जमल्या. मी रंगून वाचलं. कुणी हसेना.

"मामा, हे खोटं आहे," भाची म्हणाली.

खोटं होतंच की! पण हीच पोरगी आजोबांकडून तीच गोष्ट ऐकताना श्वास रोखून बसते आणि नंतर पोट धरून हसते.

पेणमधल्या एका गणपतीच्या कारखान्यात माझा मित्र आखणी करतो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. हात जरा हलला की सगळी मूर्ती बिघडते. त्याने ब्रश न ठेवताच पानं पाहिली. "तुझा मासाच हसतोय, मग पोरं कशाला हसतील? डोळा खरा काढ."

मला गुस्ताव्ह दोरे आठवला. रास्पे या जर्मन लेखकाने १७८५ मध्ये बॅरन मुंचहाउसेनच्या थापा इंग्रजीत छापल्या, त्यांना पुढे दोरेने चित्रं काढली. दलदलीत रुतलेला बॅरन स्वतःचीच शेंडी धरून स्वतःला घोड्यासकट वर ओढतो. घोडा मात्र अगदी खराखुरा, वजनदार. बाबाही थाप मारताना कधी हसत नाहीत, हे तेव्हा लक्षात आलं.

बाजारातून छोटा जिताडा आणला, समोर ठेवून खवला न् खवला काढला. (रात्री त्याचं कालवण झालं.) बांधाची ढेकळंही पाहून काढली. खोटेपणा केला तो फक्त मापात. चेहरा असा, की कुणीतरी सांगितलेलं काम निमूट उरकतोय. शेवटच्या पानावर पाठीवरून गेलेली टायरची रेघ.

पुन्हा रोहा. मुली गप्प. मग एकीने काळजीने विचारलं, "त्याची पाठ नाही दुखली?" रेघेचं पान उलटलं आणि पडवीत जो खिदळण्याचा गलका झाला, त्याने शेजारच्या काकू बाहेर आल्या.

घरी येऊन पुस्तक बाबांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, टायरच्या रेघेवर बोट ठेवलं.

"सायकल कुणी सांगितली तुला? बैलगाडी होती."