मावशीच्या आवाजाखाली पेटी

पेटी एका ट्रॅकवर, मावशीचा आवाज दुसऱ्या ट्रॅकवर, आणि ऐकताना दोघी एकाच ओटीवर बसल्यासारख्या! घरच्या जुन्या लॅपटॉपवर, एक पैसाही न मोजता हे जमतं, याचा मला या पावसाळ्यापर्यंत पत्ताच नव्हता. आता वसईतल्या होळीच्या बाजारात जो ओळखीचा भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे.

सॉफ्टवेअरचं नाव ऑडॅसिटी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं, मे २००० मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि आजही ते फुकट आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, कशावरही चालतं.

मावशी हळदीची गाणी आमच्या वाडवळी बोलीत म्हणते. तशी गाणी येणाऱ्या बायका आमच्या ओळखीत आता थोड्याच उरल्यात, म्हणून मला तिचा आवाज धरून ठेवायचा होता. शेजारच्या काकांनी आधी नुसती पेटी वाजवून दिली. मग मावशीच्या कानाला हेडफोन लावला, पेटी तिला कानात ऐकू येत होती आणि ती गात होती. हेडफोन हवाच. स्पीकरवर पेटी लावली तर ती मायक्रोफोनमधून गाण्यातही शिरते आणि मग आवाज नीट वेगळा काढणं अवघड जातं. वेळ मुद्दाम दुपारची निवडली. सकाळी बाजार भरात असतो, गाड्यांचे हॉर्न आणि विक्रेत्यांच्या हाका थेट खिडकीतून आत येतात.

पडद्यावर आवाजाची लाट उमटली तेव्हा मी खुर्चीतून उठलेच! मोठी करत गेले, आणखी मोठी, तर शेवटी लाट विरली आणि नुसते ठिपके दिसायला लागले. सेकंदाला ४४,१०० ठिपके! ओळ सुरू करण्याआधी मावशी घेते तो श्वाससुद्धा तिथे एका बारक्या फुगवट्यासारखा दिसतो. बऱ्याच ठिकाणी शिकवतात की श्वास कापून टाका. मी एकही कापलेला नाही. त्या श्वासावरूनच मावशी ओळखू येते.

पंख्याची घरघर कशी जाते तेही बघण्यासारखं आहे. गाण्याआधीचा शांत भाग निवडायचा, ‘नॉइज रिडक्शन’मध्ये जाऊन त्या घरघरीचा नमुना सॉफ्टवेअरला द्यायचा, मग पूर्ण गाणं निवडून तेवढीच घरघर कमी करायला सांगायचं. हात मात्र आखडता ठेवा. जास्त घासलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

आणि आता खरी गंमत! गाणं पेटीखाली दबत असेल तर आपला हात आधी आवाज वाढवायला जातो. पण डिजिटल आवाजाला वर छत असतं, शून्य डेसिबलचं. लाट त्याला आदळली की तिचा माथा छाटला जातो आणि कानाला खरखर लागते. म्हणून मावशीला तिच्या जागी राहू द्यायचं आणि पेटीलाच खाली बसवायचं. ते ‘ऑटो डक’ आपोआप करतं. वरच्या ट्रॅकवर पेटी, लगेच तिच्या खाली आवाज, मग पेटीचा ट्रॅक निवडून ऑटो डक लावायचं. मावशीने तोंड उघडलं की पेटी आपसूक नमते, ती थांबली की परत वर येते. मुळात हा उतार १२ डेसिबलचा ठेवलेला असतो, म्हणजे पेटीच्या लाटेची उंची साधारण पाव होते. हळदीच्या गाण्याला तो फार वाटला, मी अर्ध्यावर आणला.

त्याहून सुंदर वाट इक्वलायझरची. शब्दांची स्पष्टता बरीचशी २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. पेटीचा नेमका तेवढाच पट्टा थोडा खाली दाबला आणि काय सांगू, पेटी आहे तेवढीच मोठी वाटते, पण मावशीचा ‘ळ’ अन् ‘ण’ लख्ख बाहेर येतो! आवृत्ती ३.२ पासून असे बरेच बदल गाणं वाजत असतानाच करून ऐकता येतात आणि मूळ ध्वनिमुद्रण जसंच्या तसं राहतं.

आवाज आणि साथ वेगळी घेण्याची ही सोय पूर्वी नव्हती. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं तेव्हा मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यात तोंड घालून गावं लागे आणि साथही त्याच वेळी त्याच कर्ण्यात जाई. पुढे टेपच्या जमान्यातही कितीतरी वर्षं गायिका आणि अख्खा वाद्यवृंद एका दमात उभा राही. एक जण चुकला की सगळं पहिल्यापासून. १९५१ मध्ये गिटारवादक लेस पॉल आणि गायिका मेरी फोर्ड यांनी थरावर थर चढवून केलेल्या गाण्याने अमेरिका वेडी झाली होती. तीच करामत आज माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर!

मागे लावायला सिनेमातलं तयार संगीत उचलू नका, एवढं मात्र सांगते. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो. आणि गरज काय? गल्लीत कुणीतरी पेटी वाजवतं, कुणी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतं. त्यांना बोलवा, ते आनंदाने येतात.

पहिलं तयार गाणं ऐकून मावशी म्हणाली, “अगं, हा माझा आवाज? मग उरलेली पण घे की!” आता उरलेली घेते आहे.

वसईत, विरारमध्ये, पार पालघरपर्यंत ज्यांच्या घरी अशी गाणी येणारी आजी, आत्या, मावशी आहे, त्यांनी लॅपटॉपची वाट बघू नये. आज फोनवर नुसता आवाज घेऊन ठेवा. पेटी नंतरही लावता येईल.