पोर्ट लुईला जाण्याआधी

येत्या मे महिन्यात मी पोर्ट लुईला जाणार आहे, असे स्टाफरूममध्ये सांगितले तेव्हा पहिला प्रश्न आला, "हे कुठे आले?" मॉरिशसची राजधानी म्हटल्यावर चेहरे उजळले, हिंदी सिनेमातला तो निळा समुद्र सगळ्यांनी पाहिलेला होता. मॉरिशस आफ्रिकेत मोडते, मादागास्करच्याही पूर्वेला असलेले ते एक बेट आहे आणि पोर्ट लुई हे त्याचे मुख्य बंदर आहे, या तपशिलात कोणाला रस नव्हता. "सहलीला का?" या पुढच्या प्रश्नाला मी हो म्हणून टाकले.

प्रवास तसा सोपा आहे. घनसावंगीहून अंबडमार्गे जालना, जालन्याहून रात्रीची देवगिरी, मग मुंबईहून सहा-साडेसहा तासांचे विमान. विमानतळ बेटाच्या आग्नेयेला आणि पोर्ट लुई वायव्येला, म्हणजे उतरल्यावर सगळे बेट ओलांडायचे. भारतीय पर्यटकाला आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. घड्याळ दीड तास मागे घ्यायचे. आमच्याकडे वैशाखाने जमीन तापलेली असते तेव्हा तिकडे थंडीची चाहूल लागलेली असते, म्हणून बॅगेत एक स्वेटर. तिकडच्या चौकोनी पिनांच्या प्लगसाठी एक जोड घ्यायचा. झाली तयारी. आमच्याच तालुक्यातल्या जांबचे समर्थ रामदास तर, परंपरा सांगते त्याप्रमाणे, 'सावधान' हा शब्द ऐकताच बोहल्यावरून जे निघाले ते काहीही न घेता निघाले. तयारीविना निघण्याचा एवढा मोठा आदर्श शेजारी असताना मी मात्र गेले चार महिने तयारीच करतो आहे. तिचा बराचसा भाग वाचनाचा आहे.

सुरुवात नावापासून झाली. मराठी माणसाचे नाव तीन पदरी: स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. पासपोर्टला मात्र रकाने दोनच. त्यामुळे वडिलांचे नाव माझ्या नावाला चिकटले आणि तिकिटावर आम्ही दोघे एकाच शब्दात सामावलो. त्यांनी उभ्या आयुष्यात विमान पाहिले ते आकाशात. आता बापलेक बरोबरच जाणार! याची गंमत वाटत होती तोवर मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांच्या नावांविषयी वाचनात आले. तिथे अनेक घराण्यांची आडनावे म्हणजे मूळ पुरुषाची नुसती नावे आहेत. बोटीतून उतरलेल्या माणसाचे नाव, त्याच्या बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव आणि जिल्हा अशी नोंद व्हायची. इंग्रजी किंवा फ्रेंच कानांना जे ऐकू आले ते कागदावर उतरायचे. आडनाव कोणी विचारले नाही, किंवा सांगण्यासारखे नव्हतेही. पुढे कोणाचा बाबाजी, कोणाचा सखाराम हेच पिढ्यान्‌पिढ्यांचे आडनाव झाले. ही नोंदणीपुस्तके मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली आहेत. १८६० च्या दशकापासून पुढच्या काही नोंदींसोबत माणसांची छायाचित्रेही आहेत. ती पाहायला मिळावीत म्हणून मी पत्र पाठवले आहे.

गुलामगिरी कायद्याने संपल्यावर उसाच्या मळ्यांना हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजातून छत्तीस मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला उतरले. त्यांच्यामागे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख. जहाजे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून सुटत. मुंबईहून गेलेल्यांत मराठी माणसे होती, मुख्यतः कोकणातली. सुरुवातीचा करार पाच वर्षांचा आणि पगार महिना पाच रुपये. या 'अ‍ॅग्रीमेंट'चा 'गिरमिट' झाला. ज्या धक्क्यावर ही माणसे उतरत तिथल्या दगडी पायऱ्या अजून आहेत. त्या जागेला आता आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून ती जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे.

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मी अनेक वर्षे शिकवतो. 'अपूर्वाई'तली परदेशगमनाची तयारी सांगताना वर्ग हसतो, मीही हसतो. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'कडे वळलो की हसू ओसरते, कारण तो भिक्षुक घराबाहेर पडतो तो घरच्या कर्जापायी, दक्षिणेच्या आशेने. पण भटजींना लिहिता येत होते. गिरमिटावर अंगठा उठवणाऱ्याने प्रवासवर्णन लिहिले नाही. त्याच्या प्रवासाचे वर्णन दुसऱ्याने एका ओळीत, रकान्यांत केले. पुढे त्याच्या वंशजांपैकी अभिमन्यू अनत यांनी हिंदीत 'लाल पसीना' ही कादंबरी लिहिली (१९७७). अमिताव घोष यांच्या 'सी ऑफ पॉपीज'मधले (२००८) जहाजही मॉरिशसलाच निघालेले आहे. आपल्या पाठ्यक्रमातल्या प्रवासाला मात्र बहुधा परतीचे तिकीट काढलेले असते.

हे सारे मी एकदा तासाला बोललो. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, त्यांला परत येता येत व्हतं का?"

उत्तर द्यायला मला दुसरा दिवस लागला. सुरुवातीच्या काळात करार संपल्यावर परतीचा प्रवास फुकट होता. १८५० च्या दशकात तो हक्क काढून घेतला गेला. काही परतले, बहुतेक तिथेच राहिले. करार मोडून मळा सोडणाऱ्याला भटक्या ठरवून तुरुंगात घालणारे कायदे होते. मुलाने मान हलवली. त्याचे आईवडील दसरा झाला की कोयता घेऊन जातात आणि ऊस संपेपर्यंत येत नाहीत. आमचा तालुका विचित्र आहे. दक्षिणेला गोदावरी, जायकवाडीचा डावा कालवा, त्यामुळे पाण्याकाठच्या गावांत ऊस उभा. आणि कोरडवाहू गावांतून, तांड्यांवरून दुसऱ्यांचा ऊस तोडायला गेलेली माणसे. गिरमिट आणि उचल एकच, असे व्याख्यानात ठोकून देणे सोपे आहे. ते खरे नाही. उचलीमागे समुद्र नाही, सरकारचा शिक्का नाही. बहुतेक वेळा धड कागदही नाही. कायद्याच्या जागी मुकादम आहे, आणि फिटली नाही तर उचल पुढच्या हंगामावर चढते. पण 'कोयता' म्हणजे एक जोडपे, 'अर्धा कोयता' म्हणजे एकटा माणूस, ही मोजणी ऐकली की पोर्ट लुईचे रकाने आठवतात, एवढे मात्र खरे.

राहता राहिले बॅगेत काय न्यायचे ते. मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकवतात, पूर्वजांची भाषा म्हणून. घरात बोलली जाते ती क्रिओल. गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी तिथे अजून नाचली जाते. अशा ठिकाणी मराठीच्या शिक्षकाने काय न्यावे? प्रथम ज्ञानेश्वरीची प्रत काढून ठेवली, मग व्याकरणाची दोन पुस्तके, मग ती ठेवून दिली. त्यांच्याकडची मराठी शाळेतून घरी जाते, आमच्याकडची घरातून शाळेत येते आणि दारातच तिची चप्पल काढून घेतली जाते. वर्गात 'व्हतं'चे 'होते' करण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. शेवटी एक वही केली. त्या मुलाने आणि त्याच्या दोन मित्रांनी ती भरून दिली: मोळी, वाढे, पाचट, थळ, टोळी, खोप, फड, उचल. प्रत्येक शब्दापुढे त्यांच्याच शब्दांत अर्थ. माझ्या बोलण्यात नसलेले शब्द त्यात पुष्कळ निघाले.

वही द्यायला मुलगा आईला घेऊनच आला. हंगाम संपवून ती नुकतीच परतली होती. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"तितं आता ऊस कोन तोडतंय, सर?"

"बरीचशी यंत्रं आली आहेत, ताई."

"मग मान्सं काय करत्यात?"