एक भूतकाळ सांगते, दुसरी वर्तमानकाळ

तपासणीच्या कागदावरचा ‘रिॲक्टिव्ह’ हा शब्द आपल्या घरांत कोर्टाच्या निकालासारखा वाचला जातो. डॉक्टरांकडे जाण्याआधीच शिक्षाही ठरते.

मागे ईद-ए-मिलादच्या शिबिरात माझ्या एका माजी विद्यार्थ्याने रक्तदान केलं. काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणं आलं. हिपॅटायटिस सीची अँटिबॉडी चाचणी रिॲक्टिव्ह होती. मी घरी गेलो तेव्हा त्याचं ताट-पेला वेगळं काढलेलं. पोरगा दस्तरखान सोडून कोपऱ्यात जेवत होता. त्याची अम्मी म्हणाली, “सर, याची मंगनी झालीय. मुलीकडच्यांना काय सांगायचं?”

आधी सांगितलं, हा आजार रक्तातून पसरतो. एका ताटात जेवल्याने किंवा गळाभेटीने नाही. मग म्हटलं, अजून अर्धीच तपासणी झाली आहे.

मी भाषेचा शिक्षक, मला हा फरक काळांमधून समजतो. विषाणू शरीरात शिरला की त्याच्याशी लढायला शरीर अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, तयार करतं. विषाणू गेला तरी ती वर्षानुवर्षं रक्तात राहतात. त्यामुळे अँटिबॉडी चाचणी एवढंच सांगते की विषाणू कधीतरी आला असावा. हा भूतकाळ, उर्दूत माज़ी. आरएनए चाचणी विषाणूचं जनुकीय द्रव्यच शोधते. तो आज रक्तात आहे का, हे ती सांगते. हा वर्तमानकाळ, म्हणजे हाल. संसर्ग झालेल्या सुमारे ३० टक्के लोकांच्या शरीरातून हा विषाणू औषधाविना सहा महिन्यांत निघून जातो. त्यांची अँटिबॉडी चाचणी पुढेही रिॲक्टिव्हच येते. क्वचित संसर्ग नसतानाही ती तशी येते.

या मुलाच्या आरएनए अहवालात विषाणू आढळला नाही. मंगनी टिकली. रक्तदान मात्र आता त्याला करता येणार नाही, रक्तपेढीचा तसा नियम आहे. त्याला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

याच्या उलटही घडतं. संसर्ग ताजा असेल तर अँटिबॉडी दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात. तोवर ती चाचणी ‘नाही’ म्हणते. आरएनए चाचणी एक-दोन आठवड्यांतच विषाणू पकडते. बाधित आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तातही उतरतात, म्हणून बाळ १८ महिन्यांचं होईपर्यंत अँटिबॉडीवरून त्याला आजार आहे असं ठरवता येत नाही.

मग सगळ्यांची आरएनए चाचणीच का करत नाहीत? ती महाग आहे, तिला यंत्रं लागतात. अँटिबॉडी चाचणी स्वस्त आणि झटपट. म्हणून आधी ती चाळणी लावतात आणि मग आरएनएने खात्री करतात.

आणि आरएनए आढळलाच तर? आज गोळ्यांचा कोर्स आहे, बहुतेकांना १२ आठवड्यांचा. ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. २०१८मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. बरं झाल्यावरही अँटिबॉडी राहतेच, तेव्हा शेवटचा आरएनए अहवाल जपून ठेवावा.

लोक काय म्हणतील या भीतीने काही जण पहिला कागद कपाटात दडवतात, दुसरी तपासणी करतच नाहीत. विषाणू असेल तर तो काही त्रास न देता वर्षानुवर्षं यकृत पोखरत राहतो. बरा होणारा आजार अशा वेळी लाजेपायी जीव घेतो.