रंग बिघडले, की रंगच तेवढे? झेडएक्स स्पेक्ट्रमच्या पडद्याचा धागा

१/
माळ्यावरचा जुना झेडएक्स स्पेक्ट्रम खाली उतरतो, धूळ झटकून टीव्हीला जोडला जातो आणि थोड्याच वेळात तक्रार सुरू होते : रंग नीट दिसत नाहीत. कुणाला चित्र निव्वळ कृष्णधवल दिसते, कुणाचा लाल रंग मातकट होतो, तर कुणाच्या खेळातला पांढरा नायक हिरव्या झाडाजवळ जाताच स्वतःही हिरवा होतो. यांतल्या पहिल्या दोन तक्रारी यंत्राच्या आजाराच्या आहेत. तिसरी त्याच्या स्वभावाची. हा फरक इतिहास ठाऊक असल्याखेरीज कळत नाही, आणि तो न कळता हाती घेतलेला सोल्डरिंग आयर्न धडधाकट यंत्राचाही बळी घेऊ शकतो.

२/
२३ एप्रिल १९८२ रोजी केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने हे यंत्र जाहीर केले. आधीचा झेडएक्स८१ कृष्णधवल होता. नव्याच्या काळ्या पेटीवर रिक डिकिन्सन यांनी इंद्रधनुष्याचा तिरपा पट्टाच ओढला. किंमत १६ किलोबाइट मेमरीसह १२५ पौंड आणि ४८ किलोबाइटसह १७५ पौंड. रंगीत संगणक सामान्य घराला परवडावा, हा हट्ट होता. पुढे घडले ते सारे या हट्टाची किंमत चुकवताना घडले.

३/
थोडे गणित पाहू. पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२, म्हणजे एकूण ४९,१५२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग द्यायचा आणि पंधरा रंगांतून निवड ठेवायची, तर ठिपक्यामागे ४ बिट लागतात. त्याची बेरीज २४,५७६ बाइट. स्वस्त यंत्रात मेमरी होती अवघी १६,३८४ बाइट. चित्रच घरात मावत नाही, तिथे प्रोग्राम राहणार कुठे?

४/
यंत्राची रचना करणाऱ्या रिचर्ड ऑल्टवॉसर यांनी यावर काढलेला तोडगा आजही कौतुकास पात्र आहे. ठिपका पेटलेला की विझलेला, एवढेच नोंदवायचे : ६,१४४ बाइट. रंग मात्र ठिपक्याला न देता ८ × ८ ठिपक्यांच्या चौकटीला द्यायचा. अशा चौकटी ३२ × २४, म्हणजे ७६८. प्रत्येकीला एक बाइट. त्या एका बाइटात शाईचा रंग, कागदाचा रंग, उजळपणा आणि लुकलुक, चारही गोष्टी बसवल्या. एकूण ६,९१२ बाइटांत रंगीत पडदा उभा राहिला.

५/
मात्र एका चौकटीत दोनच रंग राहू शकतात, आणि दोन्ही एक तर उजळ किंवा दोन्ही मंद. पांढरा नायक हिरव्या झाडाच्या चौकटीत शिरला की काळी पार्श्वभूमी, पांढरा आणि हिरवा असे तीन दावेदार होतात. एकाला माघार घ्यावीच लागते. इंग्लंडमधील मुलांनी याला ‘कलर क्लॅश’ म्हटले, आणि शाळेच्या आवारात कमोडोर ६४वाल्यांनी यावरून त्यांना भरपूर चिडवले. (कमोडोरलाही चौकटीत चार रंग हवे असल्यास आडवे ठिपके निम्मे करावे लागत, हे चिडवणारे सोयीस्करपणे विसरत.)

६/
तेव्हा तपासणीची पहिली पायरी डोळ्यांनीच करायची असते. रंगाची गळती ८ ठिपक्यांच्या काटेकोर सीमेवर थांबते का? आकृती पुढे सरकली की रंग पूर्ववत होतात का? दोन्ही उत्तरे ‘होय’ असतील, तर पेटीचे स्क्रू काढू नयेत. ते यंत्र १९८२ मध्ये जसे वागत होते, तसेच आजही वागत आहे.

७/
आता खऱ्या बिघाडाकडे. इथे रचनाकारांनी नकळत एक उत्तम तपासयंत्र मागे ठेवले आहे. स्पेक्ट्रमच्या रंगांना ० ते ७ असे क्रमांक आहेत : काळा, निळा, लाल, किरमिजी, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा. मूळ रबरी कळफलकावर अंकांच्या वर ही नावे छापलेलीच होती. निळ्याचे मूल्य १, लालचे २, हिरव्याचे ४. बाकीचे रंग यांच्या बेरजेतून येतात. ० ते ७ हा क्रम सावळ्याकडून उजळाकडे जाणाराही आहे. म्हणून कृष्णधवल टीव्हीवर तेच आठ रंग करड्याच्या चढत्या आठ छटा होऊन दिसतात.

८/
कृष्णधवल संच तेव्हा मुळीच दुर्मीळ नव्हता. भारतात तर दूरदर्शनचे राष्ट्रीय प्रक्षेपण रंगीत झाले ते स्पेक्ट्रमच्याच वर्षी, १९८२ मध्ये. दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ इथल्या बाजारात आणला, तेव्हाही अनेक घरांतला पडदा कृष्णधवलच होता. अशा घरातल्या मुलाला आठवा रंग सातव्यापासून वेगळा ओळखता येई, तो या क्रमामुळेच.

९/
आज हाच क्रम दुरुस्तीला उपयोगी पडतो. ‘बॉर्डर’ ही आज्ञा देऊन पडद्याची किनार ० पासून ७ पर्यंत एकेक करून बदलत न्यावी. रंग नाहीत, पण आठही छटा ओळीने उजळत जात असतील, तर चित्राचा तेजोभाग शाबूत आहे. म्हणजे चित्र निर्माण करणारी फेरांटी कंपनीची चिप, जिला यूएलए म्हणतात, ती बहुधा जिवंत आहे. रंग पुढच्या वाटेवर कुठेतरी हरवला आहे. ही एवढी चाचणी न करता थेट यूएलएवर संशय घेणे म्हणजे ताप आला म्हणून हृदय बदलणे.

१०/
पुढची वाट अशी. यूएलए तेजाचा एक आणि रंगाचे दोन संकेत देते. एलएम१८८९ नावाची दुसरी चिप ते दोन संकेत ४.४३ मेगाहर्ट्‌झच्या वाहक लहरीवर चढवते. मग चंदेरी डबीतला मॉड्युलेटर सारे चित्र यूएचएफच्या ३६व्या वाहिनीवर सोडतो. वाहक लहर किंचित जरी सरकली, तरी टीव्ही रंग ओळखायचे नाकारतो आणि कृष्णधवल चित्र दाखवतो. सुरुवातीच्या बोर्डांवर ही लहर जुळवण्यासाठी स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे बारीक ट्रिमर होते. चाळीस वर्षांत ते ढळणे स्वाभाविक आहे. आणि टीव्ही अमेरिकी एनटीएससी पद्धतीचा असेल, तर यंत्र निर्दोष असूनही रंग येणार नाहीत, कारण तो ३.५८ मेगाहर्ट्‌झची लहर शोधत बसतो.

११/
अर्धवट रंग हे अधिक बोलके लक्षण. निळा आणि पिवळा तग धरून आहेत, पण लाल मातकट झाला, तर रंगाच्या दोन संकेतांपैकी लालचा वाटा वाहणारा संकेत तुटला आहे. निळा-पिवळा गेला आणि लाल राहिला, तर दुसरा. शोध आपोआप बोर्डाच्या एका कोपऱ्यापुरता उरतो.

१२/
एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. मूळ बोर्डावरच्या खालच्या १६ किलोबाइटच्या मेमरी चिप्सना तीन वीजदाब लागतात : +५, +१२ आणि −५ व्होल्ट. एलएम१८८९ देखील त्याच १२ व्होल्टवर चालते. हे दाब पुरवणारा छोटा परिपथ या यंत्राचा जुना दुखरा भाग आहे, आणि −५ नसताना बाकीचे दाब चालू राहिले तर मेमरीच जळते. म्हणून ‘जरा पाहू’ म्हणत यंत्र तासभर चालू ठेवण्याआधी मल्टिमीटर लावावा. फेरांटीच्या मूळ यूएलए आता कुणी बनवत नाही. एका यंत्रातली काढून दुसऱ्यात घालायची, एवढाच जुना साठा उरला आहे. सुदैवाने बहुतेक बोर्डांवर ती सॉकेटमध्ये बसवलेली असते, त्यामुळे अगदी शेवटचा उपाय म्हणून ती बदलून पाहता येते. पण शेवटचाच.

१३/
सारे जुळून आले, किनार आठही रंगांत झळकू लागली, की आवडता खेळ लावायचा मोह होतो. तो खेळ ‘नाइट लोअर’ असला तर सावध राहावे. अल्टिमेट कंपनीच्या १९८४ च्या या खेळाने क्लॅशपासून सुटका करून घेण्यासाठी रंगांचाच त्याग केला : किल्ल्याची प्रत्येक खोली काळ्यावर एकाच रंगात रेखलेली आहे. नायक दारातून पलीकडे गेला की पिवळी खोली जाऊन आकाशी खोली येते. ट्रिमरला पुन्हा हात लावू नये.